मल्लू, तुझी दोरी तुटली नाही

मल्लू,

काल तुझं तेरावं झालं. पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, आणि तुझी आई ओट्यावर बसून दोरा वळायला लागली. मला वाटलं, हाताला काहीतरी चाळा म्हणून करत असेल. जवळ जाऊन बसलो तर वर न बघताच म्हणाली, "सिद्रामासाटी हाय. मोडनिंबला उडी हाय की त्येची." तुझ्या धाकट्या भावानं मालकाला शब्द दिला आहे. येत्या बाजाराच्या दिवशी तो मोडनिंबच्या माळावर फुग्यातून उडी मारणार आहे, तुझ्याच छत्रीनं. आणि तुझी आई त्या उडीसाठी पुन्हा तसलाच दोरा वळते आहे.

गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहायची रीत आहे. तुझ्याबद्दल ते लिहायला कुणीही मिळेल, तू होतासच तसा. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं, कारण बँड वाजायला लागला आणि तू हसत हसत निघून गेलास. आता ते मिटवायला तू नाहीस, आणि ते मिटल्याशिवाय सिद्रामाला कसं थांबवायचं ते मला कळत नाही.

गावात काय काय बोलतात ते ऐकलंस तर उठून येशील. सात रस्त्यावरच्या हॉटेलात हल्ली मला बाकावर बसवत नाही. एक म्हणतो, छत्रीच कुजकी होती. दुसरा म्हणतो, मल्लू वर गेल्यावर घाबरला, त्याचे हातपाय गळाले. तुझा मालकही तेच सांगत फिरतो. छत्री त्याची, फुगा त्याचा, मग दोष तुझ्याच माथी मारलेला बरा. हँडबिलावर तुला 'प्रोफेसर मल्लप्पा' छापणारा हाच माणूस. मराठी चौथीत गटांगळ्या खाल्लेला प्रोफेसर! त्या कागदावर आपण किती हसलो होतो, तुला चहा नाकातून आला होता. आता तोच प्रोफेसर भित्रा ठरला, आणि ते सिद्रामाच्या काळजाला लागलं आहे. त्याला पैसा नको, नाव नको. "दादाची छत्री चांगली व्हती आन् दादा भ्याला न्हवता, येवढं लोकांला दावून देतो," म्हणतो.

छत्री चांगलीच होती. ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मालकानं तुझ्यापुढे दोन छत्र्या टाकल्या त्या दिवशी मी तिथेच होतो. एक रेशमी, कडेनं चांदण्या रंगवलेली, हात लावावा तर हातातून निसटणारी. दुसरी जाड सुती, मळखाऊ, आमच्या गिरणीच्या कापडखात्यात कोपऱ्यात टाकून द्यावी अशी. मी तर कारकून, रोज कापड बघणारा, मीही रेशमी म्हणून बसलो असतो. तू ती उन्हाकडे धरलीस, नाकाला लावलीस आणि म्हणालास, "हिला कवातरी वल लागलीय." शिवणीवर नख ओढलंस, तर टाक्यांची भुकटी झाली. मग सुतीच्या एकेका दोरीवर पाय देऊन ती दोन्ही हातांनी ओढलीस, लोखंडी कड्याशी जिथे सगळ्या दोऱ्या येऊन मिळतात तिथे डोळे मिटून बोटं फिरवलीस, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल दातानं चावून पाहिलंस आणि म्हणालास, "ही."

मालक तापला. "आरं, शोभा काय हाय तिला? पब्लिक चमक बघाय येतंय."

"शोभा फुग्याला करा की, मालक. मला खाली यायचं हाय."

मालकाच्या तोंडावर असं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच मला तुझा राग येतो. मालकाला नाही म्हणता येत होतं तुला. ज्यांना म्हणायला हवं होतं त्यांना म्हणता आलं नाही.

आणि ती कच्ची दोरी. तू मला पहिल्यांदा समजावून सांगितलंस तेव्हा मला वाटलं तू थट्टा करतोयस. फुग्याच्या पोटाला कापडी पट्टा असतो, त्या पट्ट्याला छत्रीचा शेंडा एका बारीक सुती दोरीनं बांधलेला असतो, आणि छत्री फुग्याच्या कडेला लोंबत असते. माणूस खाली झोपाळ्याच्या फळीवर बसून वर जातो. पुरेसा उंच गेला की उडी टाकतो. त्याच्या वजनाच्या हिसक्यानं छत्री ताणली जाते, वरची बारीक दोरी तुटते, छत्री फुग्यापासून सुटते आणि वारा भरून उघडते. बाकीच्या सगळ्या दोऱ्यांनी टिकायचं, हिनं तेवढं तुटायचं. "हिचं समदं उलटंच हाय, दत्तू," तू म्हणायचास. "हिनं धरून ठेवलं की मी गेलो." हे तू हसून म्हणायचास. मला ते ऐकवत नसे.

तुमच्या घरामागच्या कडुलिंबाला आपण त्या दोऱ्या तपासायचो. फांदीला दोरी, दोरीला ज्वारीचं पोतं. पोतं अलगद टांगलं तर दोरीनं धरलं पाहिजे, हातभर उचलून सोडलं तर तटकन तुटली पाहिजे. जी तुटायला कुरकुर करी ती तू चुलीत टाकायचास. चांगली निघाली की त्याच लडीतली दोरी पुढच्या उडीला, आणि दर उडीला नवी. तुझी आई ओरडायची, "आरं ज्वारीचा चुरा केला मेल्यांनो!" आणि सांडलेले दाणे गोळा करून कोंबड्यांना टाकायची. आपण कशासाठी ते पोतं आपटतो, हे तू तिला कधी सांगितलं नाहीस. उगीच जिवाला घोर नको म्हणून. तेवढं सांगितलं असतंस, मल्लू, तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

तुझी उघडलेली छत्री मी पहिल्यांदा पाहिली ती बार्शीकडे. मी खालून पळत होतो, हातात पाण्याचा तांब्या. आधी तू दगडासारखा आलास. मग फट् असा आवाज झाला, ओलं धोतर झटकल्यासारखा, आणि तू वर डुलत होतास, पाय हलवत, मला शिव्या देत. "पानी सांडलंस का रे दत्त्या?" सांडलं होतंच. माझ्या साऱ्या आयुष्यात मी घरून गिरणीत आणि गिरणीतून घरी एवढंच चाललो. तुझ्या पायी मला एकदा तरी असं मान मोडेपर्यंत वर बघायला मिळालं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

पण तेव्हा तुझ्या उड्या बाहेरगावी होत. तिथे लोक परके, टाळ्या वाजवून घरी जात. आपल्या सोलापुरात तुझी उडी ठरली आणि सगळं बदललं.

आपल्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्याला दोरा बांधतात. विणकरांच्या गल्लीत मागाला बांधतात, टांगेवाला टांग्याच्या दांडीला, कुंभार चाकाच्या खुंटाला. माणसाच्या मनगटाला नाही, हत्याराला. तुझ्या आईची हयात गिरणीच्या रिळखात्यात सूत गुंडाळण्यात गेली. तिनं वळलेला दोरा गल्लीतल्या बायका मागून नेतात. त्या सकाळी सात रस्त्यापलीकडच्या मैदानात फुगा अजून जमिनीवर पसरलेला होता, धूर फुग्यात सोडायला खणलेल्या चरात कडबा आणि गिरणीतला टाकाऊ कापूस भरत होते. तेव्हा ती हळदीत बुडवलेला दोरा घेऊन आली.

"कुटं बांदू रं?"

तू विचार केलास. मी बघत होतो, तू खरोखर विचार केलास. छत्रीच्या कापडाला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. खालच्या दोऱ्यांना गाठ पडली तर त्या एकमेकींत अडकतील. कड्याला बांधलं तर पकड निसटेल. सामानाची इतकी काळजी घेणारा तू, सगळ्या जागा मनात चाळून शेवटी म्हणालास, "हितं बांद, आये," आणि कच्च्या दोरीवर बोट ठेवलंस. तिथे कशात काही अडकायचं नव्हतं.

एका दोऱ्यानं काही झालं नसतं, हे मलाही मान्य आहे. पण आईनं बांधला ते गल्लीनं पाहिलं. मग शेजारची आली. मग विणकरांच्या बायका आल्या, तेलुगूत काहीतरी पुटपुटत, प्रत्येकीच्या हातात पिवळा दोरा. टांगेवाले आले. दर्ग्यापाशी बसणारा म्हातारा काळा दोरा घेऊन आला आणि "अल्ला खैर करे बेटा" म्हणून त्यानं दोन वेढे जास्त दिले. ज्यानं त्यानं ओढून, घट्ट आवळून बांधलं. तुझ्यावर जीव होता त्यांचा. आपल्या गल्लीतलं पोरगं आभाळात जाणार होतं. तू सगळ्यांना वाकून नमस्कार करत होतास आणि दोरी जाड होत चालली होती.

मला मधे गिरणीत हजेरीला जावं लागलं; सुटून परत पोचलो तेव्हा ती माझ्या अंगठ्याएवढी झाली होती. मी खिशातला चाकू काढला. "मल्ल्या, हे सगळं काप. आत्ताच्या आत्ता."

तू माझा हात धरलास. "आईचा हाय त्यात."

"आईचा ठेव. बाकीचे काप."

"कंचा आईचा आन् कंचा लोकांचा, कसं वळखायचं?"

"मग सगळे काप आणि नवी दोरी लाव. लड आहे ना घरी?"

तेवढ्यात एका म्हातारीनं माझ्या हातातला चाकू पाहिला. "दोरा कापतोस व्हय रं मुडद्या? आन् त्येच्या जिवाला काय झालं म्हंजी?" चारचौघं वळली, मला मागे ढकललं. मी तुझ्यावर ओरडलो की तुला अक्कल नाही. तू म्हणालास, "दत्तू, लई वजन हाय माज्यात. तुटंल की." तुला ते पटलं नव्हतं. तुझा चेहरा मी ओळखतो. पण इतक्या माणसांनी जीव लावून बांधलेलं त्यांच्यादेखत कापून काढायचं, हे तुझ्याच्यानं झालं नाही. बँड सुरू झाला. चर पेटला. फुग्यात धूर शिरला आणि तो हळूहळू उठायला लागला, पट्टा वर चढला, ती पिवळी-काळी गाठ माझ्या छातीशी आली, मग डोक्यावर गेली, मग माझा हात पोचेना. मी टाचा उंचावून हात वर केलेला होता, आणि लोकांना वाटलं मी तुला निरोप देतोय.

पुढचं तुला मी काय सांगणार? तू तिथे होतास. पण खालून कसं दिसलं ते तुला ठाऊक नाही. तू उडी टाकलीस. छत्री ताणली गेली. मी फट् असा आवाज यायची वाट बघत राहिलो आणि आवाज आला नाही. तू फुग्याखाली लोंबत होतास. लोकांना वाटलं हा नवीन खेळ आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तू पाय पोटाशी घेऊन हिसके देत होतास, एकदा, पुन्हा एकदा, आणि दर हिसक्याला टाळ्या वाढत होत्या. बँडवाल्यांनी चाल बदलून जोरात लावली. तुझी आई माझ्या शेजारी उभी होती. हात जोडून म्हणत होती, "धरून ठीव रं देवा, धरून ठीव." मी तिच्याकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

वाऱ्यानं फुगा शेतांकडे नेला. धूर थंड होत गेला, फुगा एका अंगाला कलला, तोंडातून काळा लोट बाहेर पडला आणि मग सगळं एकदमच खाली आलं. मी पळत पोचलो तेव्हा तुझ्यावर कुणीतरी घोंगडं टाकलेलं होतं. तू घाबरला नव्हतास, मल्लू. तुझे दोन्ही हात कड्यावर घट्ट होते, ते सोडवायला त्रास झाला. छत्रीला कुठे फाटलेलं नव्हतं. पट्ट्याशी ती गाठ जशीच्या तशी होती, फक्त धुरानं काळी पडली होती. पोलीसपाटलानं ती पंचनाम्यासाठी कापून घेतली. त्याला ती कापायला कोयता लागला.

हे सगळं मी सिद्रामाला सांगितलं. काल संध्याकाळी, कडुलिंबाखाली. ऐकवलं तोवर त्यानं ऐकलं आणि मग तो उसळला. "दोऱ्यानं कवा मानूस मरतंय व्हय? लोकांनी दुवा बांदली त्येला. तुमी शिकल्याली मानसं, तुमाला समद्यात खोट दिसती." मी म्हटलं, मोडनिंबला कुणाला बांधू देऊ नकोस. तर म्हणतो, "करकंबचं समदं पावनं येनार हायती दोरं घिऊन. दादाचं असं झालं, म्हनून तर आनकी येनार. कुनाकुनाला न्हाय म्हनू? आन् आयेला काय म्हनू? तुमी म्हना की तिच्या तोंडावर, तुज्या दोऱ्यानं पोरगं गेलं म्हनून." असं म्हणून तो आत निघून गेला.

त्याला फुग्यावर चढण्यापासून अडवणारा मी कोण? पण दोऱ्याच्या बाबतीत तो एकाच माणसाचं ऐकेल. आणि त्या माणसाला हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं, ते तुलाच ठाऊक. तू असतास तर मला सांगू दिलं नसतंस. माझं तोंड दाबलं असतंस. कडं धरून गेलास तसाच ते गुपित घट्ट धरून बसला असतास. सकाळपासून इथवर लिहिलं ते बहुतेक न सांगण्याचं निमित्त शोधत लिहिलं, हे आता वाचताना कळतं आहे. उठतो आणि जातो.

जाऊन आलो.

तुझी आई ओट्यावरच होती. दोरा वळून झाला होता, वाटीत हळद कालवत होती. मी समोर बसलो आणि कच्ची दोरी म्हणजे काय ते सांगितलं. ज्वारीचं पोतं आपण का आपटायचो ते सांगितलं. मग उरलेलं सांगितलं. शब्द मऊ करायचा प्रयत्न केला, पण असल्या गोष्टीला मऊ शब्द नसतात. हळदीत फिरणारं तिचं बोट थांबलं.

ती म्हणाली, "म्हंजी त्येनं हिसकं देलं ते... खेळ न्हवता?"

"नाही."

"आन् मी म्हनत व्हते, धरून ठीव."

मी रडलो, मल्लू. ती रडली नाही. तिनं सिद्रामासाठी वळलेला तो दोरा उचलला, दोन्ही मुठींना गुंडाळला आणि ओढला. तुटला नाही. पुन्हा ओढला. बोटांत रुतला, कातडी पांढरी पडली, तिनं दात आवळले, तरी तुटला नाही. एक दोरा, एकाच बाईनं वळलेला. "तुटत न्हाय रं," ती म्हणाली. ते माझ्याशी नव्हतं. सिद्राम दारात येऊन उभा राहिला होता, किती वेळचा कोण जाणे. त्यानं ते पाहिलं आणि मान खाली घातली.

मला वाटलं ती आता त्याला म्हणेल, जाऊ नकोस. ती तसं म्हणाली नाही. तिनं अडवलं तरी तो जाईल, हे तिला माहीत आहे. आणि तुला लोक भित्रा म्हणतात ते तिलाही सहन होत नाही. तिनं तो दोरा माझ्यापुढे धरला, डावा हात पुढे केला आणि म्हणाली, "बांद." मी तिच्या मनगटाला बांधला.

मग सिद्रामाला म्हणाली, "मोडनिंबला मी येनार. त्या कच्च्या दोरीपाशी बसनार. जो कुनी दोरा घिऊन यील, पावना असू दे न्हायतर फकीर असू दे, त्येला माज्याकडं लावून दे. म्हनावं, दोरीला हात लावू नगा. हिच्या हाताला बांदा."

परवा बाजार आहे. उद्या सकाळी आम्ही बैलगाडीनं निघणार आहोत. गाडीत छत्री, नव्या दोरीची लड आणि तुझी आई. मी भीत नाही असं म्हणणार नाही. पण फुगा उठेल तेव्हा ती तिथे बसलेली असेल, दोन्ही हात कोपरापर्यंत दोऱ्यांनी भरलेले, आणि या खेपेला ती देवाला काय म्हणणार आहे ते तिनं मला सांगितलं. म्हणाली, "सोड म्हनंन."